द्राक्षांच्या गावात मनुकांचं सरबत

वॉटफर्ड,
रविवार, ६ जुलै २०२५

चि. सायमन यास,
ईवाताईचे अ. उ. आ. आणि शालोम.

तुझ्या कानांत नवीन यंत्रं बसवली तरी फोनवर काही फरक पडलेला नाही. मी विचारते जेवलास का, आणि तू मला एडिनबराचं हवामान सांगतोस. तेव्हा आपली पत्रंच बरी. आईने गिरवून घेतलेलं मराठी निदान तुझ्या-माझ्यापुरतं तरी टिकेल.

मोठी बातमी म्हणजे आपल्या नतालीचं ठरलं. मुलगा आशेर तिच्याच नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात आहे. उंच, शांत, आणि माझं माशाचं कालवण मागून घेणारा. मला आवडला. लग्न नोव्हेंबरात, इथेच वॉटफर्डला. त्याआधी दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून त्याच्या घरच्यांनी आम्हा मायलेकींना ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टीला बोलावलंय. फ्रान्सच्या अल्सास भागात, कोलमार शहराजवळ त्यांचं गाव आहे. चार पिढ्या वाइनचा धंदा आहे, तोही कोशेर वाइनचा, म्हणजे आपल्या लोकांना शुक्रवार संध्याकाळी शब्बाथच्या टेबलावर चालेल अशी.

इथवर सगळं गोड. मग परवा नताली आली, चहा घेतला आणि कपाकडे बघत म्हणाली की तिकडे शुक्रवारी संध्याकाळी तू मनुकांचं सरबत काढू नकोस. आशेरची आजी, मादाम ब्लॉख त्यांचं नाव, नतालीला विचारत असतात म्हणे की इंडियातले ज्यू म्हणजे नक्की कसे, आणि तुम्ही ज्यू झालात कधी. जसं काही आपण गेल्या वर्षी अर्ज करून झालो. नतालीचं म्हणणं असं, की वाइन करणाऱ्यांच्या घरात किद्दूशच्या प्रार्थनेला मनुकांचं पाणी ठेवलं तर त्या बाईला आणखी एक निमित्त मिळेल.

मी तिला सांगितलं, आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले ते गलबत फुटून, अंगावरच्या कपड्यांनिशी. नवगावला ताडी होती, माडी होती, द्राक्षाची वेल कुठून आणणार होते? पण शब्बाथ तर सोडायचा नव्हता. मग काळ्या मनुका मिळवल्या, रात्रभर भिजवल्या, हाताने कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या आणि त्यावर प्रार्थना म्हटली. द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्या देवाची स्तुती असो, एवढीच तर ती प्रार्थना. मनुका काही आंब्याच्या झाडाला लागत नाहीत. भायखळ्याच्या घरी आई दर गुरुवारी ज्या वाडग्यात मनुका भिजवायची तो अजून माझ्या ओट्यावर आहे. हे गेल्यापासून किद्दूश मीच म्हणते, आणि सरबतावरच म्हणते.

तर मी मनुकांचं पाकीट घेऊन जाणार आहे. तुझं मत काय ते कळव, म्हणजे मला त्याच्या उलट करता येईल.

पायांत मोजे घालत जा. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.
तुझी ईवाताई


एडिनबरा,
१४ जुलै २०२५

ती. ताईस,
सायमनचा सादर शालोम, वि. वि.

नतालीची बातमी वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या घरात जाऊन सांगून आलो. ते बिचारे मी काही तक्रार घेऊन आलो असं समजून घाबरले होते. आशेरला माझे आशीर्वाद सांग. कालवण मागून घेणारा मुलगा वाईट असूच शकत नाही.

सरबताबद्दल माझं मत तू विचारलंस, आणि ते तुला आवडणार नाही हे तुला ठाऊक आहे. देश तसा वेश, ताई. सुट्टी एका आठवड्याची, पण नतालीचं त्या घराशी नातं जन्माचं. तुला सरबत हवंच असेल तर आपल्या खोलीत दार लावून घे. देवाला दारातून दिसतं.

मी इथे आलो त्या पहिल्या वर्षी एका शुक्रवारी आमच्या समाजाच्या हॉलवर सरबताची बाटली घेऊन गेलो होतो. एका सद्गृहस्थांनी वास घेतला, हसले, आणि म्हणाले की मुलांचा स्क्वॉश तिकडच्या टेबलावर ठेवा. मी ठेवला. पुढच्या शुक्रवारी दुकानातून वाइन घेऊन गेलो. चाळीस वर्षं होत आली, त्यानंतर मला कुणी एका शब्दाने दुखावलं नाही.

बाबांचं डोकं तुझ्यात आलं आणि आईचं सगळं पोटात घालणं माझ्यात. आपण येरुशलेमला होतो तेव्हा तिथल्या धर्मगुरूंच्या कचेरीने आत्याच्या लग्नाआधी आपण ज्यू असल्याचा पुरावा मागितला, आणि बाबा त्या कचेरीसमोर फुटपाथवर बसले होते. शुक्रवारी संध्याकाळी तिथेच उभं राहून, सरबताचा पेला हातात घेऊन, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी किद्दूश म्हटलं. तू बाराची होतीस, तुला त्या फुटपाथचं अजून कौतुक. मी सातचा. मला आठवतं ते एवढंच की ऊन फार होतं, लोक बघत होते, आणि मी आईच्या पदरात तोंड लपवलं होतं.

नतालीचाही मला मेसेज आला होता. पोर काळजीत आहे. तिला मी काय ते समजावलंय. तू जा, हिंड, खा, डोंगर बघ. तुझी कुरकुर कमी आणि माया जास्त पोचो.
तुझा सायमन


कोलमारजवळून,
बुधवार, २७ ऑगस्ट २०२५

चि. सायमन यास, अ. उ. आ.

गाव चित्रातल्यासारखं आहे, तुला आवडलं असतं. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडकीखिडकीत लाल फुलं, उंच छपरावर करकोच्यांचं घरटं. गल्ली संपली की द्राक्षांचे मळे सुरू होतात ते थेट डोंगरावर चढतात. तोडणी जवळ आली आहे. आशेरच्या वडिलांनी आम्हाला तळघर दाखवलं, खोलीएवढाली पिंपं, आणि एकामागून एक पेल्यांतून वास घ्यायला लावला. मला सगळ्यांचा वास सारखाच आला, पण वॉर्डात मोठे डॉक्टर बोलत असताना सिस्टर म्हणून मान हलवायची सवय होती, ती उपयोगी पडली. माणूस फार सज्जन आहे.

मादाम ब्लॉख काठीसारख्या ताठ आहेत. त्यांना इंग्रजी येतं, पण एकेक शब्द निवडून बोलतात, तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. तुमच्याकडे मेणबत्त्या लावतात का, योम किप्पूरचा उपास करतात का, दिवसभर का अर्धा दिवस. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि मनात म्हटलं, शुक्रवार येऊ दे.

पण सायमन, मनुकांचं पाकीट नाही. बॅग भरताना मी ते दोन गाउनांच्या मध्ये ठेवलं होतं. मला ठेवलेलं दिसतंय. इथे बॅग उघडली तर गाउन आहेत, पाकीट नाही. नताली म्हणते की ओट्यावर राहिलं असेल. शेजारच्या नंदाकडे किल्ली आहे, तिला जाऊन बघायला सांगितलं. ओट्यावर नाही, कपाटात नाही. इथे डोंगरचे डोंगर द्राक्षांनी लगडलेत आणि माझ्याकडे मूठभर मनुका नाहीत, हे हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही.

आईचं असंच सुरू झालं होतं ना? आधी चष्मा, मग चाव्या, मग घरचा रस्ता. तीही म्हणायची की मला ठेवलेलं दिसतंय. काल बसल्या बसल्या मी वॉर्डातल्या सगळ्या मुलींची नावं आठवून पाहिली. एक आठवेना. तुला खरं सांगते, सरबताचं राहू दे, मला भीती वाटते आहे.

नतालीला हे सगळं सांगून तिची सुट्टी नासवायची नाही म्हणते, पण तोंडातून निघून जातं. तू कुणाला बोलू नकोस. तुझा लोभ माझ्या लक्षात आहे, बाकी काय राहील न राहील.
तुझी ईवाताई


अल्सास,
गुरुवार, २८ ऑगस्ट

डिअर सायमन मामा,

शालोम आणि नमस्कार. माझा मराठी बॅड आहे, सॉरी. टाइप केलं तर फोन सगळे शब्द चेंज करतो म्हणून हाताने लिहिते आणि फोटो पाठवते. पोस्टला फार टाइम लागेल.

मामा, तुम्ही मला सांगितला होता की पॅकेट हळूच बॅगेतून काढ, तिला वाटेल विसरली, नो हार्म डन. मी तसंच केली. पॅकेट माझ्या रकसॅकमध्ये आहे. फेकायला मला जमला नाही.

पण हार्म झाला. ती रोज सूटकेस रिकामा करते आणि परत भरते. काल तिने मला विचारली की मी घरी पण असं विसरते का, आणि तू मला सांगत नाहीस का. मग आजीचा गोष्ट सांगितली, आजी घरचा रस्ता विसरायची ती. तिचा हात एकदम थंड होता.

मला त्या सरबताची लाज वाटायचा. स्कूलमध्ये पण, इथे पण. इथे सगळे विचारतात तुमच्याकडे हे असतं का, ते असतं का, आणि मी थकते. बट मामा, मी मम्मीला कधी घाबरलेली बघितलीच नव्हती. ती कुणालाच घाबरत नाही. आता ती घाबरली आणि ते मी केलं.

मी आज तिला पॅकेट देणार. तुमचा नाव पण सांगणार, कारण आता मी आणखी खोटं नाही बोलणार. तुम्ही रागावलात तरी चालेल.

नीट जेवा. थोडा लव्ह माझ्यासाठी ठेवा, मम्मी रागावल्यावर लागेल.
तुमची नताली


कोलमारजवळून,
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

चि. सायमन यास,
आशीर्वाद देते आहे, पण या वेळी हात आखडता आहे.

कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? गुरुवारी दुपारी नताली खोलीत आली, पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि रडायला लागली. पाकीट तेच, मीच लावलेल्या लाल रबर बँडचं. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की माझं डोकं ठीक आहे. मग राग आला. तिच्यावरचा राग संध्याकाळपर्यंत टिकला, कारण ती स्वतःहून आली. तुझ्यावरचा टिकून आहे. आईचे शेवटचे दिवस तू पाहिले होतेस. तरी मला त्या भीतीत लोटलंस, का, तर चार माणसांनी हसू नये म्हणून. भांडायचं होतं तर समोर भांडायचंस. चोरून आणलेली शांतता मला नको.

त्याच संध्याकाळी मी पाकीट घेऊन मादाम ब्लॉखच्या स्वयंपाकघरात गेले आणि काचेचा वाडगा मागितला. त्यांनी विचारलं कशाला, मी सांगितलं. त्या म्हणाल्या की या घरात वाइनची वाण पडलेली नाही. मी म्हटलं, माझ्या घरात सरबताची पडलेली नाही. त्यांनी वाडगा दिला, पण आधी मनुका बशीत ओतून चष्मा लावून बघितल्या, किडाबिडा नाही ना म्हणून. मीही शेजारी उभी राहून त्यांच्याबरोबर बघितल्या.

शुक्रवारी अंगणात लांब टेबल मांडलं होतं. आशेरच्या वडिलांनी आपली सगळ्यात लाडकी बाटली काढली. इकडे एक जुनी पद्धत आहे. द्राक्षं गवताच्या काडांवर पसरून महिनोन् महिने सुकवतात आणि त्या सुकलेल्या द्राक्षांची वाइन करतात. गोड, महाग, आणि निघते थोडीशीच. माझा पेला बघून ते मनापासून खूश झाले. म्हणाले, हे तर आमच्या या वाइनचंच भावंड, म्हणजे मूळ आपलं एकच. सगळ्यांचे चेहरे सैलावले. नतालीने टेबलाखाली माझा हात दाबला, म्हणजे आता मी हसून हो म्हणावं. सुटकेची वाट तिथेच होती, सायमन. तू असतास तर तिने निघून गेला असतास.

मी नाही म्हटलं. नतालीला सांगितलं की मी मराठीतच बोलते, ते त्यांना सांग आणि एक शब्द गाळू नकोस. म्हटलं की तुमची वाइन उत्तमच आहे, आणि तुम्ही लोकांनी जे भोगून हे सगळं राखलंत त्यापुढे माझी मान लवते. पण हे सरबत तुमच्या वाइनचं गरीब भावंड नाही. आमच्याकडे वाइन नव्हती, धर्म शिकवणारा रब्बाय नव्हता, पुस्तकं नव्हती. आम्ही ज्यू आहोत हे आम्हाला सांगायलाही कुणी नव्हतं. कोकणात घाण्यावर तेल काढणारी माणसं होतो आम्ही. तरी दर शनिवारी घाणा बंद राहिला आणि दर शुक्रवारी हे पेल्यात ओतलं गेलं. ते कशासारखं आहे म्हणून आम्ही पीत नाही, ते आमचं आहे म्हणून पितो. माझी मुलगी या घरात येईल ती हे घेऊन येईल. आम्ही कधी झालो हे तिला आता पुन्हा कुणी विचारू नये.

नताली इंग्रजीत सांगत होती आणि आशेर आजीच्या कानाशी फ्रेंचमध्ये, एखादा शब्द निसटायला नको म्हणून. सुरुवातीला नताली हळू आवाजात शब्द शोधत होती. शेवटी शेवटी ती माझ्यापेक्षा मोठ्याने बोलायला लागली.

मग मी उभी राहिले आणि बाबांच्या चालीत किद्दूश म्हटलं. बाई किद्दूश म्हणते म्हणूनही एकदोघांच्या भुवया चढल्या, त्या चढू दिल्या. आशेरच्या वडिलांनी घोट घेतला आणि खोकल्याचं औषध प्याल्यासारखं तोंड केलं. आशेरने आणखी मागितलं, तेवढ्याने त्याचं माझ्याकडचं जेवण जन्मभराचं पक्कं झालं. नतालीने पेला एका दमात संपवला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. मादाम ब्लॉखनी पेला उचलला, उजेडात धरून बघितला आणि खाली ठेवला. प्याल्या नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

आज सकाळी त्यांनी मला विचारलं की लग्नात सरबत असणार का. मी म्हटलं असणार. त्या म्हणाल्या, मग मी माझी बाटली घेऊन येईन. मी म्हटलं, अवश्य आणा. या बाईशी माझं जमेल असं वाटतंय.

आता तुझं. लग्नाच्या जेवणाआधी पेला उचलून प्रार्थना म्हणायची ती मामाने, हे मी केव्हाच ठरवलं होतं आणि ते मी बदललेलं नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी मुलांच्या टेबलावर ठेवलेलं सरबत आधी तिथून उचल, मगच वॉटफर्डला ये. इन्शुरन्स कंपनीत जन्मभर दुसऱ्यांची जोखीम मोजलीस. स्वतः एक तरी घे.

लोभ आटलेला नाही, पण सध्या तो गाळून देते आहे.
ईवाताई


एडिनबरा,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
गुन्हेगार सायमनचा सादर शालोम, वि. वि.

आधी क्षमा मागतो. पाकीट काढायला सांगताना मला आईची आठवण यायला हवी होती. आली नाही, कारण मी फक्त तंटा कसा टळेल एवढंच मोजत होतो. बुधवारचं तुझं पत्र हातात पडलं तेव्हा नतालीचं तुला सगळं सांगून झालं होतं, तरी ते वाचून मला जेवण गेलं नाही. मी वाईट वागलो. यापुढे तुझ्याशी भांडेन ते समोर, आणि हरेन.

तुझं दुसरं पत्र आल्यावर इथल्या लीथ वॉक रस्त्यावरच्या दुकानातून काळ्या मनुका आणल्या. दुकानदाराने विचारलं की खीर करणार का. वाडगा नव्हता. एकटा जीव सदाशिव, घरात एकच पातेलं, त्यातच भिजवल्या. कुस्करताना मनगटापर्यंत चिकट झालो आणि गाळायला फडकं नव्हतं म्हणून तू दिलेला चांगला रुमाल बळी पडला. रंग आईच्या सरबताचा आला. चव नाही आली, ती तुझ्याकडून शिकेन.

परवा शुक्रवारी हॉलवर गेलो. ते जुने सद्गृहस्थ केव्हाच वारले, पण अशी खुर्ची रिकामी राहत नसते, आता तिथे दुसरे बसतात. मी पेला मधल्या टेबलावर, वाइनच्या बाटलीला लागून ठेवला आणि म्हटलं की आज किद्दूश मी म्हणणार, आणि यावर म्हणणार. खुर्चीतले गृहस्थ पेल्याकडे बोट दाखवून बोलू लागले. मग आणखी दोघे बोलू लागले. कुणीतरी हसलं. यंत्रं नवीन आहेत, मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

तेव्हा ताई, मी दोन्ही कानांतली यंत्रं काढली, कोटाच्या खिशात ठेवली आणि सुरुवात केली. बाबा फुटपाथवर म्हणाले होते तेवढ्याच मोठ्याने, म्हणजे असावं, कारण समोरच्या बाईच्या हातातला पेला हिंदकळला. माझ्यावर डोळे रोखलेले दिसत होते आणि या वेळी तोंड लपवायला पदर नव्हता. तो मला लागलाही नाही. कोण काय म्हणालं ते मला माहीत नाही. शेवटचा थेंब पिऊन झाला, पेला खाली ठेवला, आणि मग यंत्रं सावकाश कानांत घातली.

नोव्हेंबरात आईचा वाडगा काढून ठेव, मनुका मी आणतो. गाळून का होईना, लोभ असू दे.
तुझा सायमन